पासपोर्टवरची ती सोनेरी खूण: ई-पासपोर्टची चिप नेमकं काय करते?

नवा पासपोर्ट स्पीड पोस्टाने घरी आला की हल्ली पुढच्या पुठ्ठ्यावर एक छोटी सोनेरी खूण दिसते. आडवी चौकट, मध्ये गोल. ही खूण असलेली पुस्तिका म्हणजे ई-पासपोर्ट. आत चिप आहे एवढं बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं, पण पुढे शंकांची रांग लागते. जुना पासपोर्ट बाद झाला का? घाईने बदलून घ्यावा का? चिपमुळे आपण कुठे फिरतोय ते कळतं का? व्हिसाची कटकट संपली का?

या चारही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. पण ते का, हे समजलं तर पासपोर्टचा अर्ज भरतानाच बऱ्याच चुका टळतात. कारण चिप तुमच्याबद्दल नवं काहीच ठरवत नाही. फोटोच्या पानावर जे छापलंय तेच ती पुन्हा साठवते आणि त्यावर न पुसता येणारी मोहोर उमटवते. मूळ माहिती चुकली असेल तर ती चूकसुद्धा मोहोरबंद होते.

पासपोर्ट, व्हिसा आणि शिक्का

या तीन गोष्टींची सतत गल्लत होते. पासपोर्ट आपला देश देतो. ‘ही व्यक्ती आमची आहे, हे तिचं नाव, ही जन्मतारीख’ असं भारत सरकार दुसऱ्या देशाला त्यातून सांगतं. व्हिसा दुसरा देश देतो. ‘आमच्या दारापर्यंत यायला हरकत नाही’ एवढाच त्याचा अर्थ. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस राहू द्यायचं, हे विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी ठरवतो आणि शिक्का मारतो. हातात व्हिसा असूनही माणूस परत पाठवला जातो तो यामुळेच. चिप फक्त पहिल्या गोष्टीशी संबंधित आहे. ई-पासपोर्टवाल्याला व्हिसातून सूट मिळते, हा गैरसमज आहे.

नेपाळ आणि भूतानला जायला भारतीयांना पासपोर्ट लागतच नाही, मतदार ओळखपत्रावर काम होतं. कैलास-मानसरोवरला मात्र लागतो, कारण ते तिबेटात, म्हणजे चीनच्या ताब्यात आहे. नेपाळमार्गे जायचं म्हणून पासपोर्ट नको, असं समजून बसलेले यात्रेकरू ऐनवेळी अडकतात.

पुस्तिका नाशिकरोडची, नाव दुसरीकडे

देशभरातल्या पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये तयार होतात. १९२५ साली ही प्रेस उभी राहिली. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनहून छापून यायची. आज पासपोर्ट, व्हिसाचे स्टिकर, तिकिटं, मुद्रांक असं सगळं इथे होतं. शेजारची करन्सी नोट प्रेस वेगळी. ‘प्रेसमध्ये कामाला आहे’ म्हटलं की नाशिकरोड-जेलरोडच्या माणसाला जास्त सांगावं लागत नाही, पण पासपोर्टही इथलाच हे खुद्द शहरातल्या अनेकांना माहीत नसतं.

प्रेसमधून पुस्तिका बाहेर पडते ती कोरी. क्रमांक असतो, पानं असतात, ई-पासपोर्टच्या पुस्तिकेत चिप आणि तिचा अँटेना असलेला पातळ थर असतो, पण नाव कुणाचंच नसतं. ती प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात जाते, तिथे तुमचा फोटो आणि तपशील छापला जातो, चिपमध्ये भरला जातो आणि मग पुस्तिका टपालाने घरी येते. म्हणजे नाशिककराचा पासपोर्ट नाशिकहून निघून, बाहेर नाव घेऊन, पुन्हा नाशिकला येतो. तेव्हा नाव चुकलं म्हणून प्रेसकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. चूक त्याच्या कितीतरी आधी, अर्जात झालेली असते.

चिपची कल्पनाही काल-परवाची नाही. मलेशियाने १९९८ मध्येच चिपवाला पासपोर्ट काढला. भारतात २००८ मध्ये राजनैतिक पासपोर्टपासून प्रयोग सुरू झाला आणि पहिला ई-पासपोर्ट मिळाला तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना. सामान्य नागरिकांसाठी प्रायोगिक सुरुवात एप्रिल २०२४ मध्ये झाली, मग टप्प्याटप्प्याने देशभर.

फोटोच्या पानावरच्या तळाच्या दोन ओळी

चिप समजून घ्यायची तर आधी या दोन ओळी समजल्या पाहिजेत. आपला पासपोर्ट उघडून समोर ठेवा. फोटोखाली टोकदार खुणांनी भरलेल्या दोन ओळी दिसतील. प्रत्येक ओळीत बरोबर ४४ घरं. यंत्राला वाचता यावं म्हणून अक्षरांचा साचा, आकार, जागा, सगळं आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवून दिलंय. नाशिकचा पासपोर्ट टोकियोतलं यंत्र वाचतं ते त्यामुळे.

वरच्या ओळीत पहिलं अक्षर ‘पी’, म्हणजे पासपोर्ट. पुढे देशाची तीन अक्षरी खूण. मग आडनाव, दोन टोकदार खुणा, आणि मग नाव व मधलं नाव, ज्यांच्यामध्ये एकच खूण. दोन खुणा म्हणजे ‘आडनाव संपलं’, एक खूण म्हणजे ‘इथे मोकळी जागा’. उरलेली घरं याच खुणांनी भरतात.

खालच्या ओळीत पासपोर्टचा क्रमांक येतो. आपला क्रमांक आठ घरांचा, पण जागा नऊ घरांची. म्हणून शेवटी एक टोकदार खूण. मग राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग, मुदत संपण्याची तारीख. तारखा उलट्या लिहितात: आधी वर्षाचे शेवटचे दोन आकडे, मग महिना, मग दिवस.

क्रमांक आणि दोन्ही तारखांच्या मागे लगेच एकेक जादा आकडा चिकटलेला असतो, तो कशाचा हे अनेकांना कळत नाही. तो तपासणी अंक. यंत्राने वाचताना चूक केली का, हे त्यावरून समजतं. हिशेब कागदावर करून पाहण्याजोगा आहे. समजा, जन्मतारीख १२ ऑगस्ट १९९०. ती लिहिली जाते ९००८१२. आता प्रत्येक आकड्याला क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं. ९ साते ६३. दोन शून्यं, शून्यच. ८ साते ५६. १ त्रिक ३. २ एके २. बेरीज १२४. तिला दहाने भागून उरते ती बाकी ४. म्हणून तारखेमागे ४ छापलेला असतो. कुणी चुकून १२ च्या जागी २१ वाचलं तर बेरीज १२६ होते, बाकी ६ येते, छापलेल्या ४ शी जुळत नाही आणि यंत्र पुन्हा वाचायला सांगतं. क्रमांकातल्या इंग्रजी अक्षरालाही किंमत आहे: ‘ए’ म्हणजे १०, ‘बी’ ११, असं ‘झेड’ ३५ पर्यंत. आपल्या पासपोर्टवर हिशेब करून बघा, जुळतोच.

ही तपासणी सगळं पकडत नाही. शेजारच्या दोन आकड्यांत बरोबर ५ चा फरक असेल, म्हणजे १ आणि ६ किंवा २ आणि ७, आणि त्यांची अदलाबदल झाली, तर बाकी तीच राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नावाला तपासणी अंकच नाही. शेवटच्या घरात क्रमांक आणि तारखा यांचा मिळून एक एकत्रित अंक असतो, पण तो खालच्या ओळीचा. वरची नावाची ओळ त्यात येत नाही. आडनावात एक अक्षर कमी पडलं तर जगातलं कुठलंही यंत्र ‘हे चुकलंय’ असं सांगणार नाही. ते चुकलेलं नावच तुमचं नाव म्हणून वाचेल.

मग चिप कशासाठी?

तपासणी अंक वाचनातली चूक पकडतो, लबाडी पकडत नाही. वर केला तो हिशेब खोटा पासपोर्ट बनवणाऱ्यालाही येतोच. फोटो बदलला, तारीख बदलली आणि अंक नव्याने काढून छापला, की काम झालं. इथे चिप कामाला येते.

चिपमध्ये या दोन ओळी आणि तुमच्या चेहऱ्याचा फोटो, या दोन गोष्टी आंतरराष्ट्रीय नियमानुसार असाव्याच लागतात. बोटांचे ठसे ठेवायचे की नाही, ते नियमाने देशावर सोडलंय. या सगळ्यावर देणारं सरकार आपली डिजिटल सही करतं. डिजिटल सही म्हणजे सहीचं चित्र नव्हे. चिपमधल्या मजकुरातून गणिताने काढलेली आणि सरकारकडच्या गुप्त किल्लीने बंद केलेली ती एक आकड्यांची माळ असते. कॉलेजच्या अर्जावर फोटो चिकटवून अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर असा शिक्का मारतात ना, तशीच ही सही. फोटो उचकटून दुसरा लावला की शिक्क्याचे दोन अर्धे जुळत नाहीत. इथे फोटोतला एक ठिपका किंवा तारखेतला एक आकडा बदलला, तरी सही जुळत नाही.

सही बनवायला गुप्त किल्ली लागते, ती फक्त सरकारकडे. सही तपासायची किल्ली मात्र उघड असते आणि देशोदेशी दिलेली असते. त्यामुळे परदेशातल्या विमानतळावरचा अधिकारी दिल्लीला फोन न करता, जागच्या जागी, काही सेकंदांत खात्री करून घेतो की हा मजकूर भारत सरकारनेच भरलाय आणि नंतर कुणी हात लावलेला नाही. मग तो चिपमधला फोटो पानावरच्या फोटोशी आणि समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहतो.

‘खिशातल्या खिशात कुणी माहिती काढून घेतली तर?’

रास्त शंका आहे. चिप बिनसंपर्काची आहे, म्हणजे वाचकयंत्राला टेकवावी लागत नाही. पण तिच्यात बॅटरी नाही. यंत्र जवळ आलं की त्याच्या लहरींवरच ती जागी होते, आणि ‘जवळ’ म्हणजे काही सेंटीमीटर. उपग्रहाशी, मोबाइल टॉवरशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे तुम्ही कुठे आहात हे ती कुणाला सांगूच शकत नाही.

शिवाय ती कुणालाही उत्तर देत नाही. चिप उघडायची किल्ली मुळात तळाच्या ओळीतूनच बनते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदतीची तारीख. इमिग्रेशनचा अधिकारी पुस्तिका आधी उघडून पान यंत्रावर पालथं का ठेवतो, ते यावरून लक्षात येईल. पान वाचल्याशिवाय चिप बोलत नाही. ठसे साठवलेले असतील तर त्यांना याहून कडक कुलूप असतं.

खरा धोका आहे तो वेगळाच. पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आपण हॉटेलला, एजंटला, सहलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपला बेधडक पाठवतो. चिपची किल्ली ज्यातून बनते तो सगळा ऐवज त्या फोटोत असतो. चिपची काळजी करणाऱ्याने आधी हे थांबवावं. ज्याला हवा त्या एकालाच पाठवावा, ग्रुपवर टाकू नये.

‘जुना पासपोर्ट आता चालणार नाही का?’

चालतो, त्यावर छापलेल्या मुदतीपर्यंत. केवळ चिप हवी म्हणून बदलायची सक्ती नाही. लोकांच्या मनात बसलंय ते २०१५ चं प्रकरण. तेव्हा हाताने लिहिलेले, यंत्राला न वाचता येणारे पासपोर्ट २४ नोव्हेंबर २०१५ पासून जगभर बंद झाले होते. आताचे बिनचिपचे पासपोर्ट यंत्र वाचू शकतं, त्यामुळे तसं काही होणार नाही.

‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’चे स्वयंचलित दरवाजे २०२४ मध्ये दिल्लीला आणि २०२५ मध्ये मुंबईसह इतर मोठ्या विमानतळांवर आले. त्यांचाही ई-पासपोर्टशी संबंध नाही. त्यासाठी वेगळी मोफत नोंदणी करावी लागते, चिप असो वा नसो.

नावाचा घोळ होतो तो इथे

मराठी नावाचे तीन तुकडे असतात आणि पासपोर्टच्या अर्जात चौकटी दोन. एक ‘गिव्हन नेम’ची, दुसरी आडनावाची. पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव आणि मधलं नाव, म्हणजे वडिलांचं किंवा पतीचं, दोन्ही येतात. दुसऱ्या चौकटीत फक्त आडनाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं असतं. ते समोर ठेवून जसंच्या तसं उतरवलं की ‘पाटील सुनीता रमेश’ सगळं पहिल्या चौकटीत जातं आणि आडनावाची चौकट रिकामी राहते.

आडनाव रिकामं राहिलं तर काय बिघडतं? भारताच्या नियमात तो पासपोर्ट चालतो. पण अमेरिकेच्या व्हिसावर मग पूर्ण नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘नाव अज्ञात’, अशी तीन अक्षरं येतात. बँक, विमा, मुलाचं कॉलेज, सगळीकडे ती तीन अक्षरं नाव म्हणून फिरतात. संयुक्त अरब अमिरातीने तर नोव्हेंबर २०२२ मध्ये एकच नाव असलेल्या पासपोर्टवर पर्यटक म्हणून प्रवेश नाकारायला सुरुवात केली होती. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, असा खुलासा नंतर आला. तरी दुबईला जाणाऱ्याने आपलं पान आधीच तपासावं.

दुसरी अडचण इंग्रजी स्पेलिंगची. वाघ ‘डब्ल्यू’ने की ‘व्ही’ने, लक्ष्मी ‘एक्स’ने की ‘केएस’ने, सुनीता एका ‘आय’ने की दोन ‘ई’ने. मराठीत फरक पडत नाही, म्हणून आधारवर एक, पॅनवर दुसरं, दाखल्यावर तिसरं असं वर्षानुवर्षं चालून जातं. सगळ्यात आधी ठरवा की खरं स्पेलिंग कुठलं. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं धरणं बहुधा शहाणपणाचं, कारण ते बदलायला सगळ्यात अवघड. मग आधार त्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या आणि त्यानंतरच पासपोर्टचा अर्ज भरा. हा क्रम उलटा केला तर दोन ठिकाणी हेलपाटे पडतात.

लग्नानंतर मुलींचं आडनावच नव्हे तर मधलं नावही बदलतं, आणि अर्धी कागदपत्रं माहेरची, अर्धी सासरची अशी स्थिती होते. नाव बदललंच पाहिजे असा पासपोर्टचा कुठलाही नियम नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्ट लग्नानंतरही पूर्ण वैध असतो. बदलायचं असेल तर सगळी कागदपत्रं एकदाच आणि एकसारखी बदलावीत. ज्या नावाचा पासपोर्ट, त्याच नावाचं विमानाचं तिकीट हवं, ही एकच अट इथे खरी जाचक आहे. हनिमूनची तिकिटं सासरच्या नावाने आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा, ही चूक विमानतळावर कळते तेव्हा उशीर झालेला असतो.

जन्मतारखेबद्दल एक नवा नियम लक्षात ठेवा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांसाठी फक्त जन्मदाखलाच पुरावा म्हणून चालतो. त्याआधी जन्मलेल्यांना शाळेचा दाखला, पॅन वगैरे पर्याय आहेत.

ए, बी, सी: दुरुस्तीची संधी कुठे आहे

अर्ज ऑनलाइन भरायचा, फी भरायची, वेळ घ्यायची. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो; नकली स्थळं हुबेहूब दिसतात आणि जादा पैसे उकळतात. ३६ पानी पुस्तिकेची फी २०१२ मध्ये १,००० वरून १,५०० रुपये झाली. वारंवार फिरणाऱ्यांसाठी ६० पानी पुस्तिकाही मिळते.

पासपोर्ट सेवा केंद्रात तीन टप्पे असतात. ‘ए’ काउंटरवर खासगी कंपनीचे कर्मचारी कागद स्कॅन करतात, फोटो आणि ठसे घेतात, अर्जातली माहिती पक्की करतात. चार वर्षांखालच्या मुलाचा छापील फोटो घरून न्यावा लागतो. ‘बी’वर सरकारी अधिकारी मूळ कागदपत्रं तपासतात. ‘सी’वर पासपोर्ट द्यायचा की नाही याचा निर्णय होतो. तुमच्या हातातली खरी संधी आहे ती ‘ए’ला. तिथे पडद्यावरची माहिती घाईने ‘हो हो’ म्हणून सोडू नका. नावाचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, जन्मतारीख वाचा, आई-वडिलांची नावं वाचा. इथली दुरुस्ती काही मिनिटांची आणि बिनखर्चाची. पुस्तिका छापून आल्यावर तेच एक अक्षर बदलायचं तर पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा चक्कर, कारण छापलेलं पान खोडता येत नाही आणि सही केलेली चिप बदलता येत नाही.

पोलीस पडताळणीत सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते पत्त्यावरून. सध्याचा पत्ता म्हणजे तुम्ही आज खरोखर राहता तो. मुलगा पुण्यात होस्टेलवर आणि अर्जात नाशिकच्या सिडकोतलं घर असेल, तर पोलीस येतील तेव्हा तो घरी नसतो आणि अहवाल उलटा जातो.

चिप बिघडली तर?

पासपोर्ट बाद होत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात तशी स्पष्ट तरतूद आहे. पान शाबूत असेल तर अधिकारी जुन्या पद्धतीने तपासतात, फक्त वेळ जास्त जातो.

तरी बिघडू नये म्हणून काय करायचं ते सोपं आहे. पुस्तिकेला स्टेपल मारू देऊ नका. काही ट्रॅव्हलवाले पुठ्ठ्यालाच कागद टाचतात, आणि पिन अँटेनाच्या बारीक तारेतून गेली की चिप मुकी होते. पुस्तिका मागच्या खिशात घालून बसू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. ती भिजली तर उन्हात किंवा इस्त्रीखाली वाळवू नका. क्रमांक आणि नाव वाचता येतंय आणि फोटो धड आहे, अशी पुस्तिका अंशतः खराब मानतात आणि ती बदलून मिळणं तुलनेने सोपं असतं. फोटोचं पानच गेलं तर प्रकरण लांबतं.

मुदत संपायला वर्ष उरलं की नूतनीकरणाचा अर्ज करता येतो आणि तो तेव्हाच करावा. अनेक देश प्रवेशाच्या दिवशी किमान सहा महिने मुदत शिल्लक मागतात, त्यामुळे दहा वर्षांचा पासपोर्ट प्रत्यक्षात साडेनऊ वर्षांचाच धरायचा. नवी पुस्तिका येते तेव्हा जुनी रद्दचा शिक्का मारून परत देतात. तिच्यात अमेरिका-इंग्लंडसारखा चालू व्हिसा असेल तर ती फेकू नका. तो व्हिसा बहुधा त्याच्या मुदतीपर्यंत चालतो आणि प्रवासात दोन्ही पुस्तिका सोबत न्याव्या लागतात. मात्र हरवल्याची तक्रार दिलेला पासपोर्ट नंतर कपाटात सापडला, तर तो वापरायचा नाही. तक्रार नोंदली की तो क्रमांक रद्द होतो, आणि त्यावर प्रवास करायला गेलेला माणूस इमिग्रेशनवरच थांबवला जातो.